विहिरीतल्या सात जणी

मी विहिरीत उडी मारली तेव्हा दुपारचे साडेबारा झाले असतील. एप्रिलचं ऊन, अंगात साधा सलवार-कमीज, आणि आजूबाजूला चिटपाखरू नाही. पायऱ्यांची ती मोठी विहीर कालव्याच्या पाझरानं काठोकाठ नसली तरी दोन पुरुष भरलेली होती. मी सूर मारला, तळाचं गार पाणी अंगावर घेतलं, वर आले आणि पाठीवर पडून डोळे मिटून घेतले. गावी आल्यापासूनच्या तीन महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटत होतं.

तेवढ्यात वरून आरोळी आली.

"पडली गं, सुहासची बायकू हिरीत पडली."

आवाज हौसाक्कांचा होता. हौसाक्का म्हणजे आमच्या शेजारीण, वय अठ्ठावन्न, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. विहीर त्यांची आणि त्यांचे दीर श्रीपतीअण्णा यांची सामाईक होती. हौसाक्का तशा फार कमी बोलायच्या. त्यांच्या गळ्यातून एवढा मोठा आवाज निघतो हे मला ठाऊक नव्हतं.

"आक्का, मी पोहतेय," मी खालून सांगितलं.

विहिरीत आवाज असा काही घुमतो की 'पोहतेय'चं वर पोचेपर्यंत 'बुडतेय' झालं. त्या तशाच किंचाळत वस्तीकडे पळाल्या. पाच मिनिटांत काठावर निम्मा पांढरमळा गाव गोळा झाला. कासरे आले, शिडी आली, कुणीतरी घरातली बाज आणली आणि चार कोपऱ्यांना चार दोर बांधून ती खाली सोडायला सुरुवात केली. श्रीपतीअण्णा पांढराशुभ्र फेटा बांधून वरून हुकूम सोडत होते, "कुणी आत उडी घ्यायची न्हाय. दोर ढिला सोडा. सूनबाई, बाज धरा, घाबरू नगा."

मी घाबरलेली नव्हते, पण त्या बाजेखाली डोकं फुटायची वेळ आली होती. म्हणून मी चार हात मारून पायरीला लागले आणि ओले कपडे पिळत चालत वर आले. बाज रिकामीच पाण्याला टेकली. ती परत वर कशी घ्यायची यावर मग वाद झाला.

सुहास धावत आला तो पाठीवर फवारणीचा पंप आणि एकाच पायात चप्पल, अशा अवस्थेत. त्यानं माझ्याकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "वैजू, घरी नळ आहे ना गं?"

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. पण तेव्हा मी पांढरमळ्यात अगदीच परकी होते. पुण्यात मी महापालिकेच्या तलावावर अकरा वर्षं पोहायला शिकवत होते. पाच वर्षांच्या पोरांपासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना पाण्यात ढकलायचा मला सराव. मग सुहासची कंपनी बंद पडली, त्याच्या निपुत्रिक काकांची चार एकर डाळिंबाची बाग त्याच्याकडे आली, आणि आम्ही गावी आलो. म्हणजे तो आला, मी सोबत आले. तो सकाळी बागेत जायचा आणि संध्याकाळी चिखलानं माखून, खुशीत शीळ घालत परत यायचा. मला मात्र इथलं एकही काम धड जमत नव्हतं. चूल पेटायची नाही. भाकरी तव्यावर टाकेपर्यंत तिचे दोन तुकडे व्हायचे. शेजारच्या शालनची शेळी मला बघून खुंटा उपटायची. आमची ही शालन अंगणवाडीत मदतनीस होती, अंगानं भक्कम आणि हसायला लागली की थांबायची नाही. ती संध्याकाळी मुद्दाम माझ्या चुलीपुढे येऊन बसायची. "वैनी, थापा की एक," म्हणायची. मी भाकरी थापायला घेतली की तिला टीव्ही लावल्यासारखं वाटायचं.

विहिरीच्या प्रकारानंतर गावानं माझ्याबद्दल एकच निष्कर्ष काढला. ही बाई संसाराला कंटाळून विहिरीत गेली होती. मजा म्हणून गेले होते, हे मी ज्याला त्याला सांगितलं, पण ते कुणालाही पटेना. बायका डब्यातून खीर, शेवयाच्या वड्या घेऊन समजूत काढायला आल्या. तीन म्हाताऱ्यांनी सुहासला वेगवेगळं गाठून सांगितलं, "बाबा, बायकूला जीव लाव." बिचारा दोन दिवस सकाळचा चहा स्वतः करून ओट्यावर, सगळ्यांना दिसेल असा, मला आणून देत होता.

चौथ्या दिवशी दुपारी हौसाक्का आल्या. त्यांच्या काखेत एक भला मोठा वाळका भोपळा होता.

"भाजीला जून झालाय हो हा," मी म्हणाले.

"भाजीला न्हाय. पाठीला बांधायला," त्यांनी भोपळा ओट्यावर ठेवला. "मला पवायला शिकीव."

त्यांनी पदर सारखा केला आणि पाठ केल्यासारखं म्हणाल्या, "गुडघं धरल्यात. डाक्टर म्हणला, पाण्यात पाय हलवा."

"कधीपासून शिकायचं?"

"आत्ता चल. दुपारी समदी गडीमाणसं झोपत्यात."

मी तशीच उठले. वाटेत त्यांनी विचारलं, "तुला बुडणारं माणूस भायेर काढाया येतं?"

"येतं. तलावावर ते आधी शिकवतात आम्हाला."

"मला ते शिकीव."

"ते सगळ्यात शेवटी, आक्का. आधी स्वतः तरंगायचं."

त्यांनी मान हलवली, पण काही पटलेलं दिसलं नाही.

पहिल्या दिवशी हौसाक्का तिसऱ्या पायरीपर्यंत उतरल्या आणि घोटाभर पाण्यात अर्धा तास उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत. तिसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं, "तोंड पाण्यात घाला आणि फुर्र करा." अठ्ठावन्न वर्षांच्या त्या गंभीर बाईनं नाक चिमटीत धरलं, तोंड पाण्यात घातलं आणि म्हशीसारखे बुडबुडे काढले. बाहेर येऊन त्या माझ्याकडे बघून हसल्या. दोन दात पडलेलं ते हसू मी पहिल्यांदा बघत होते. नेमकं त्याच वेळी वरून कुणीतरी खो खो हसलं. शालन आमच्या मागावर आली होती.

"म्या बी येनार," ती म्हणाली. "न्हाय घेतलं तर गावात सांगीन."

शालन आली आणि आठवडाभरात आणखी तिघी आल्या. प्रत्येकीचा निरोप एकच, "म्या बी येनार, न्हायतर सांगीन." अशा धमक्यांवर माझा वर्ग भरत गेला. तलावावर कधी एवढ्या उत्साहानं कुणी नाव घातलं नव्हतं. शिवाय एक म्हातारी राखणीला ठेवली होती, रखमाआत्या. ती वर बांधावर सुपात तांदूळ घेऊन बसायची. कुणी दिसलं की तिनं खोकायचं असं ठरलं होतं. पण तिला मुळातच दमा होता, त्यामुळे ती दर पाच मिनिटांनी खोकायची आणि आम्ही दर पाच मिनिटांनी कपारीत लपायचो.

कपड्यांचा पेच मोठा होता. नऊवारी भिजली की दगडाएवढी जड व्हायची. गाऊनमध्ये हवा भरून शालन पहिल्या दिवशी पाण्यावर छत्रीसारखी उघडली आणि जागच्या जागी गोल फिरत राहिली. शेवटी तिनं तोड काढली. गावच्या क्रिकेट संघाचे जुने टी-शर्ट आणि पट्ट्यापट्ट्यांच्या विजारी समाजमंदिरात पेटीत पडून होत्या. त्या तिनं 'धुवायला' म्हणून उचलून आणल्या. हौसाक्कांच्या वाट्याला जो टी-शर्ट आला त्याच्या पाठीवर ठळक अक्षरांत 'कर्णधार' लिहिलेलं होतं. त्या अक्षरांवरच आम्ही भोपळा बांधायचो.

मग काय सांगू ते दिवस. दुपारी एक ते तीन पांढरमळ्यातल्या त्या विहिरीत आम्ही अक्षरशः लहान झालो होतो. कुणाच्या पाठीला भोपळा, कुणाच्या पोटाला तेलाचा रिकामा कॅन. एकीनं हात मारला की दुसरीच्या तोंडात पाणी. शालन बुडायचीच नाही. तिला तळाशी जायचं शिकवताना आम्ही तिघी तिच्या अंगावर बसलो तरी ती बुचासारखी वर यायची. दोन आठवड्यांत सगळ्या कॅनशिवाय तरंगायला लागल्या. माझंही काहीतरी सुटत चाललं होतं. विहिरीतून घरी गेल्यावर मी चुलीपुढे बसायचे आणि कशी कोण जाणे, ती पेटायची.

हौसाक्का मात्र रोज पायरीवर बसून केस पुसताना एकच विचारायच्या, "भायेर काढायचं कवा शिकीवनार?"

"गुडघे कसे आहेत?" मी विचारायचे.

"कुनाचे?" त्या म्हणायच्या. मग आठवून, "बरं हायत."

आमच्या हसण्यानंच घात केला. त्या विहिरीत साधं बोललेलं घुमायचं, मग सहा बायकांचं हसणं काय होत असेल याचा कुणीच विचार केला नव्हता. मोटार सुरू करायला भरदुपारी रानात गेलेल्या दोघांनी ते ऐकलं आणि ते धूम पळत सुटले. संध्याकाळी पारावर बातमी पक्की झाली. हिरीतल्या आसरा जाग्या झाल्या. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता, सात बहिणी, भरदुपारी न्हायला वर येतात अशी गावाची समजूत. कुणी म्हणालं हिरव्या चुड्यांचा आवाज आला, कुणी म्हणालं उदाचा वास आला.

सुहासनं हे मला जेवताना सांगितलं आणि म्हणाला, "दुपारी त्या बाजूला जाऊ नकोस." मी ताटात मान घालून भाकरी मोडत होते. हसू आवरेना म्हणून मला ठसका लागला. त्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि माझ्या ओल्या वेणीकडे जरा वेळ बघत राहिला.

खरं तर तिथं थांबायला हवं होतं. पण आसरा झाल्याचं आम्हाला भारी वाटलं. दुसऱ्या दिवशी शालननं विहिरीत मुद्दाम घोगरा सूर लावला. वर कुणाच्या तरी हातातली घागर आपटल्याचा आवाज आला आणि आम्ही तोंडावर हात दाबून पाण्यात गुदमरलो.

पुढच्या अमावास्येच्या दुपारी ऊन इतकं कडक होतं की रखमाआत्यानं सूप बाजूला ठेवलं. "आज म्या बी येते," म्हणाली आणि कमरेभर पाण्यात येऊन बसली. वर राखणीला कुणी उरलं नाही.

त्या दिवशी मी हौसाक्कांना अखेर ते शिकवायला घेतलं होतं. भोपळा सुटून आठ दिवस झाले होते. बुडणाऱ्याच्या मागून जायचं, हनुवटीखाली हात घालायचा, त्याला पाठीवर आडवं करायचं आणि आपण पाय मारत काठ गाठायचा. बुडणारी म्हणून शालनला घेतलं. ती सगळ्यात जड म्हणून हौसाक्कांनीच तिला निवडलं होतं. पण हनुवटीखाली हात गेला की शालनला गुदगुल्या व्हायच्या. ती "आवं आक्का, नगा, नगा," म्हणत हसत सुटायची, तिचं हसू ऐकून बाकीच्या हसायच्या आणि सगळी विहीर घंटेसारखी वाजायची.

"मेलेलं माणूस हसतंय व्हय," हौसाक्का तिला दटावत होत्या. "गप मर की जरा."

तेवढ्यात पाण्यात डुबुक करून काहीतरी पडलं. लिंबू होतं. मग हळद-कुंकवाची पुडी आली, मग हिरव्या बांगड्या, आणि वरून गुरवाचा थरथरता आवाज, "आयांनो, लेकरांचं काय चुकलं असंल तर पोटात घाला."

आम्ही वर बघितलं. काठावर दहा-बारा फेटे आणि टोप्या ओळीनं वाकलेल्या होत्या. सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले होते. मध्ये श्रीपतीअण्णा, हातात नारळ. आम्ही खाली सात जणी, भिजलेल्या उंदरांसारख्या. कुणी श्वास घेईना. तो नारळ सुटला आणि नेमका हौसाक्कांच्या कानाजवळून पाण्यात आदळला.

"आवं, फोडून टाका की," हौसाक्का कावल्या. "डोस्कं फुटंल एखादीचं."

वरचे सगळे डोळे एकदम उघडले. गुरव मागच्या मागे पळाला, त्याची परडी तिथंच राहिली. शालनचं हसू कारंज्यासारखं उडालं. ते थांबवणं आता देवालाही शक्य नव्हतं.

"वैनी?" श्रीपतीअण्णांना विश्वास बसत नव्हता. "तुमी हाय व्हय ती?"

"म्याच हाय."

"आन् अंगात काय हाय तुमच्या?"

हौसाक्का पाठ करून उभ्या होत्या. वर एकानं मोठ्यानं वाचलं, "कर्णधार."

मग अण्णांचा पारा चढला. ह्या वयात, असल्या कपड्यात, गावाच्या देवाधर्माची थट्टा, ते बोलत सुटले. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "सूनबाई, तुमी शहरातनं आला, तुमाला काय म्हाईत न्हाय. ही हीर चांगली न्हाय. उद्याच्या उद्या लोखंडी जाळी ठोकतो हिच्यावर. कुणी पाऊल टाकायचं न्हाय."

आमचं हसू विरलं. बाकीच्या पायऱ्यांकडे सरकायला लागल्या. मला वाटलं, संपलं, आता परत चूल आणि भिंती. हौसाक्का तेवढ्या हलल्या नाहीत.

"ठोका जाळी," त्या म्हणाल्या. "पर आधी बघून जावा. शालन, चल मधी. आन् हसलीस तर बघ."

शालन मुकाट्यानं मध्यावर गेली आणि अंग सोडून, मान टाकून तरंगत राहिली. हौसाक्का पायरीवरून सुटल्या. हात काही सुबक पडत नव्हते, धपाधप आवाज होत होता, पण त्या पोचल्या. मागून गेल्या, हनुवटीखाली हात घातला, तिला आडवी केली आणि पाय मारत, धापा टाकत, त्या ऐंशी किलोच्या बाईला काठाला आणून लावली. शालन एकदाही हसली नाही.

हौसाक्कांनी पायरी धरली, दम खाल्ला आणि वर बघितलं.

"यमू माझ्यापासनं दोन हातांवर व्हती, भावजी."

यमू हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. शालननं माझ्या कानात सांगितलं, अण्णांची धाकटी बहीण, एकोणीस वर्षांची. तीस वर्षांपूर्वी नवरात्राआधी नणंद-भावजय इथं गोधड्या धूत होत्या. भिजलेल्या गोधडीनं यमूला आत ओढलं.

"वैनी, हात द्या म्हणली," हौसाक्का सांगत होत्या. आवाज चढलेला नव्हता, आमच्याशी बोलायच्या तसाच होता. "म्या ह्याच पायरीवर हुबी व्हते. हात दिला. पोचला न्हाय. दोन हात मला पाण्यात जाता आलं न्हाय. तीस वर्सं हितलं पाणी भरते, खाली बघत न्हाय. त्या दिशी ही पोरगी आत पडली तवा मला वाटलं, आली परत ती येळ. आन् बघते तर ही बया पाठीवर पडून झोपल्याली. तवा म्हणलं, शिकायचं."

हळूहळू एकेक टोपी काठावरून मागे गेली. माणसं खाली माना घालून वस्तीकडे निघाली. श्रीपतीअण्णा तेवढे उभे राहिले. मग त्यांनी फेटा काढला, दगडावर ठेवला आणि एकेक पायरी उतरत खाली आले. बायकांनी वाट दिली. शेवटच्या कोरड्या पायरीवर ते बसले आणि हौसाक्कांकडे न बघता माझ्याशी बोलले.

"सूनबाई, मला पवता येत न्हाय."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले.

"समद्यांस्नी वाटतं येतं. आमचीच हीर, आन् गडीमाणूस. म्या बी कवा न्हाय म्हणलो न्हाय." त्यांनी ओल्या पायरीवर तळवा फिरवला. "त्या दिशी म्या वर हुबा व्हतो. मला दिसत व्हती ती. लोकांस्नी सांगितलं, मला यायला उशीर झाला."

"म्हाईत हाय," हौसाक्का म्हणाल्या. "म्या वर बघितलंवतं."

"मग इतकी वर्सं बोलला न्हाईसा?"

"काय बोलू. म्या बी हुबीच व्हते की."

रखमाआत्या खोकली. अण्णांनी उपरण्यानं डोळे पुसले, मग नाक. आणि मग ते साठ-बासष्टीचे गृहस्थ, गावातल्या निम्म्या भांडणांचा निवाडा करणारे, पोरासारखा आवाज काढून मला म्हणाले, "गडीमाणसाला शिकीवता का?"

मी तोंड उघडायच्या आत हौसाक्काच बोलल्या. "धोतर वर खोचा आन् या. तिसऱ्या पायरीपातूर. आधी तोंड पाण्यात घालून फुर्र करायचं."

"आत्ता?"

"आत्ता. समद्यांम्होरं. आमी बी तसंच केलंय."

अण्णा उतरले. त्यांनी नाक दाबलं, डोळे गच्च मिटले, वाकून तोंड पाण्यात घातलं आणि बुडबुडे काढले. शालननं पदराच्या जागी टी-शर्टचा कोपरा तोंडात कोंबला. तोंड वर आल्यावर त्यांच्या मिशांतून पाणी गळत होतं आणि ते आमच्याकडे एकेकीकडे आळीपाळीनं बघत होते, बरोबर झालं का म्हणून.

"आता पाठीवर," हौसाक्का म्हणाल्या आणि त्यांच्या मागे गेल्या. हनुवटीखाली हात घातला. अण्णांचं अंग लाकडासारखं ताठ होतं, दोन्ही हातांनी त्यांनी पायरी धरून ठेवली होती.

"पायरी सोडा, भावजी."

"सुटंना, वैनी."

"सोडा. म्या धरलंय."

त्यांनी एक हात सोडला. मग दुसरा. क्षणभर ते खाली गेले आणि मग वर आले, पाठीवर, आडवे, आभाळाकडे तोंड करून. त्याबरोबर त्यांच्या धोतरात हवा भरली आणि ते पांढऱ्या फुग्यासारखं टरारून पोटावर उभं राहिलं. शालनला ते सोसवलं नाही. आधी ती फुटली, मग रखमाआत्या, मग आम्ही सगळ्या. अण्णांनी डोळे उघडून त्या फुग्याकडे बघितलं आणि तेही हसायला लागले. हसता हसता हलायला लागले, नाकात पाणी गेलं, ठसका लागला. हौसाक्का पाय मारत, त्यांना घट्ट धरून, विहिरीच्या मध्यापर्यंत घेऊन गेल्या.